२०८० साली मोटार जळते का? (भविष्यातल्या गोष्टी कधी जमतात, कधी फसतात)

तांब्याची तार (सांगली)

मंडळी, प्रश्न शेवटी विचारतो. आधी तो कुठून आला ते सांगतो, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

माझं सांगलीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. शेतीपंप, गिरणीच्या मोटारी, कूलर, मिक्सर, जे जळेल ते माझ्याकडे येतं. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न सातवीत असताना हातात पडला आणि तेव्हापासून पुढच्या काळातल्या गोष्टी मी सोडल्या नाहीत. दुकानात वार्निशच्या डब्यांमागे एक फळी फक्त त्या पुस्तकांची आहे.

गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदाच स्वतः एक गोष्ट लिहिली. साल २०८०. कृष्णेच्या काठाने एक भिंत, पाणी चढायला लागलं की ती आपोआप जमिनीतून वर येते. आकाशात ड्रोन, घराघरात बोलणारी यंत्रं, सांगलीच्या आयर्विन पुलावर काचेचं छत. नायक शास्त्रज्ञ. महापूर येतो, भिंत वर येते, शहर वाचतं. बावीस पानं झाली. आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा दहा-बाराजण जमतात, तिथे वाचून दाखवली. सगळ्यांनी शांतपणे ऐकली. वाचून झाल्यावरही सगळे शांतच. शेवटी एक निवृत्त बाई, हायस्कूलला मराठी शिकवायच्या, म्हणाल्या, "सगळं नवं आहे हो, पण त्या घरांत कुणी राहतंय असं वाटत नाही."

ते वाक्य तीन आठवडे माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण पूर काय असतो ते मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा माझ्या दुकानात छताखाली दीड हात जागा उरली होती. पाणी उतरल्यावर पुढचे चार महिने मी फक्त मोटारी उघडत होतो. स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचांमध्ये गाळ बसतो. ओला असताना साबणासारखा गुळगुळीत आणि वाळला की सिमेंट. आधी ती मोटार स्वच्छ पाण्याने धुवावी लागते. लोकांना हे पटत नाही, पाण्यानेच गेली तिला परत पाणी कशाला म्हणतात. मग ऊन. मग आत दोनशेचा बल्ब सोडायचा, वरून पोतं टाकायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. मग मेगर, म्हणजे तारेवरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजायचं यंत्र. काटा चढला तर मोटार वाचली. नाही चढला तर सगळं तांबं उपसून काढायचं आणि पहिल्या वेढ्यापासून सुरुवात.

त्या चार महिन्यांत पायरीवर रोज कुणी ना कुणी शेतकरी बसलेला असायचा. मी मेगर हातात घेतला की तो काट्याकडे बघायचा नाही, माझ्या तोंडाकडे बघायचा.

आणि हे सगळं हाताने केलेला मी माणूस, महापुराचीच गोष्ट लिहायला बसलो तेव्हा तिच्यात एक मोटार जळू दिली नाही. ती भिंत वर येते कशाने? मोटारीनेच ना? साठ वर्षं नदीकाठच्या ओलीत उभी असलेली मोटार, वर्षातून दोनदा चालणारी. अशी मोटार सगळ्यात आधी दगा देते, हे आमच्या धंद्यातलं पोरगंही सांगेल.

मग मी जुन्या आवडत्या आणि नावडत्या गोष्टी परत काढल्या. 'एलियन' हा १९७९ चा चित्रपट भाच्याच्या लॅपटॉपवर पुन्हा पाहिला. बराच वेळ त्यात तो जीव येतच नाही. आधी काय येतं? जेवणाच्या टेबलावरचं बोलणं. यानाच्या पोटात काम करणारे दोन मेकॅनिक आहेत, एकाच्या अंगात फुलाफुलांचा शर्ट. ते बोनसवरून कुरकुरतात, आम्हाला इतरांपेक्षा वाटा कमी का म्हणून. दुरुस्तीला किती वेळ लागेल हे वर सांगताना जास्तीचाच सांगतात. खाली वाफ सुटलेली, पाणी ठिबकतंय. पृथ्वीपासून इतक्या लांब, आणि मला वाटलं ही दोघं माझ्या शेजारच्या लेथवर कामाला असतील. त्यांच्यावर संकट आलं तेव्हा मी खुर्चीत नीट बसलो.

उलट, २००८ साली 'लव्ह स्टोरी २०५०' लागला होता तो मी मुद्दाम मिरजेला जाऊन पाहिला होता. २०५० ची मुंबई, उडत्या गाड्या, आभाळात घुसलेल्या इमारती. खर्च केलेला दिसत होता, मेहनतही. पण त्या मुंबईत कुणाला कामावर वेळेत पोचायची घाई मला दिसली नाही, कुणाच्या नळाला पाणी यायची वेळ नव्हती. मुंबई म्हणून ओळखायची कशावरून?

तर माझा प्रश्न. भविष्यातली गोष्ट, कागदावरची असो की पडद्यावरची, जमते कशाने आणि फसते कशाने? मला असं वाटायला लागलंय की ज्या जगात काहीच बिघडत नाही आणि दुरुस्ती करणारा माणूस दिसत नाही, ते जग वाचकाला खरं वाटत नाही. पण मी दिवसभर बिघाडच बघतो. माझा धंदा तसा म्हणून मला तसं दिसतंय का? स्पष्ट लिहा, मला राग येणार नाही.

---

पासबुक (सातारा जिल्हा)

दादा, धंद्यामुळे दिसतं हे खरं, पण म्हणून ते चूक ठरत नाही. मी काउंटरवरून उत्तर देते. सहकारी बँकेत एकोणीस वर्षं रोखपाल आहे.

मार्गारेट ॲटवुड यांची 'द हँडमेड्स टेल' ही १९८५ ची कादंबरी. अमेरिकेत धर्माच्या नावाने सत्ता उलथते आणि बायकांची नोकरी, मालमत्ता, स्वतःचं नावसुद्धा काढून घेतलं जातं. पुस्तकात फाशीची प्रेतं भिंतीवर टांगलेली आहेत. ती वाचून मी पान उलटलं. घाम फुटला तो दुसऱ्याच जागी. नायिका सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते. काउंटरवर नेहमीची बाई नाही, एक तरुण पोरगा आहे. तो तिचा नंबर मशीनला देतो आणि म्हणतो, चालत नाही. ती म्हणते, खात्यात भरपूर पैसे आहेत, परत करून बघा. तो परत करतो. नाही. त्या एका दिवसात देशातल्या सगळ्या बायकांची खाती गोठवलेली असतात. पैसे आता नवऱ्याच्या नाहीतर जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या हातात.

एवढंच. ना उडती गाडी, ना रोबो. एक काउंटर आणि "चालत नाही" हे दोन शब्द, जे मी स्वतः दिवसातून पाच वेळा कुणाला तरी सांगते. आमच्याकडे एकदा दीड दिवस सर्व्हर बंद होता. एक आजी पेन्शनचं पासबुक घेऊन दोन्ही दिवस येऊन बसल्या. दर तासाने उठून विचारायच्या, "माझे पैसे आत आहेत ना?" मी हो म्हणायचे. आणि देऊ शकत नव्हते. पुस्तक वाचताना मला त्या आजी दिसल्या. ॲटवुडबाईंनी हे पुस्तक लिहिताना एक नियम पाळला होता: माणसांनी कुठे ना कुठे, कधी ना कधी प्रत्यक्षात केलेलं नाही असं काहीही घालायचं नाही. म्हणूनच ते पुढच्या काळातलं असून अंगाला चिकटतं.

आणि केवळ वाईट भविष्यच खरं वाटतं असंही नाही. रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये 'सुल्तानाज ड्रीम' लिहिली. तिच्यात बायका राज्य करतात, पुरुष पडद्याआड घरात. हवेत चालणारी वाहनंही आहेत. मला मात्र लक्षात राहिलं ते स्वयंपाकघर. भाजीच्या मळ्यात बांधलेलं, त्यात धूर नाही, कोळसा नाही, धुराडंही नाही. सूर्याची उष्णता साठवून नळीतून आणलेली. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरल्याशिवाय हे कुणाला सुचणार नाही. माझी आई फुंकणी घेऊन बसायची, म्हणून सांगते.

तेव्हा दादा, बिघाड हवाच. पण मला त्याबरोबर आणखी एक हवं. तुमच्या त्या भिंतीचं बिल कोण भरतं? पाणीपट्टीत लागून येतं का? ज्याने भरलं नाही त्याच्या गल्लीत भिंत वर येते का?

---

बूममन (मुंबई)

मी चित्रपटांच्या आवाजाचं काम करतो, तेव्हा पडद्यापुरतं बोलतो.

तांब्याची तार, तुमच्या कामाची एक गोष्ट ऐका. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये ती प्रकाशाची तलवार आहे ना, तिची गुणगुण सगळ्या जगाला पाठ आहे. ती बेन बर्ट या माणसाने केली. पाया कुठला, तर चित्रपट दाखवायच्या जुन्या प्रोजेक्टरची मोटार. ती नुसती चालू ठेवली की जो घुमणारा आवाज येतो, तो. त्यात त्याने टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची खरखर मिसळली. मग तो आवाज स्पीकरवर लावून माइक हातात धरून स्पीकरसमोर हलवला, म्हणजे तलवार फिरवल्याचा भास येतो. त्या चित्रपटातल्या लढाऊ विमानांच्या किंचाळीत हत्तीचं ओरडणं आहे आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी गाडी आहे.

कॉम्प्युटरवर आवाज तयार करण्याची सोय आज माझ्या टेबलावर आहे, दहा मिनिटांत "भविष्य" बनवता येतं. ते पातळ लागतं. कानाला वजन हवं असतं, आणि ते खऱ्या लोखंडातून येतं.

फसण्याचं एक कारण मी सेटवर दर वेळी बघतो. नट हिरव्या कापडासमोर उभा असतो आणि त्याला सांगितलं जातं की समोर भव्य शहर आहे. तो डोळे मोठे करतो. अरे, तू इथेच जन्मलास ना? मी बोरिवलीला राहतो, लोकलच्या दारात उभा असताना पुलाकडे आश्चर्याने बघतो का? मी बघतो मोबाईलकडे. भविष्यात राहणाऱ्या माणसाला भविष्याचा कंटाळा आलेला असला पाहिजे. 'एलियन'मधल्या त्या मेकॅनिकांना अंतराळाचा कंटाळा आलेला आहे, म्हणून तुम्हाला अंतराळ पटलं.

---

ऑनकॉल (हिंजवडी)

मला थोडं वेगळं म्हणायचंय, आणि कळकळीने.

गंज लावला म्हणजे जग खरं होत नाही. 'ब्लेड रनर' १९८२ मध्ये आला. पाऊस, अंधार, निऑनच्या पाट्या, गर्दी, वाफ. त्या वेळी तो फारसा चालला नाही, पण मागून आलेल्या कितीतरी चित्रपटांनी तो पाऊस उचलला. आता भविष्य दाखवायचं म्हटलं की सगळं ओलं, मळकं आणि निळं-गुलाबी. तो मळ मेकअपचा असतो. भिंतीवर ओघळ रंगवलेले असतात, पण छत गळतं म्हणून कुणी बादली ठेवलेली नसते. चकचकीत मुंबई जितकी खोटी तितकंच हेही खोटं.

गंमत बघा, 'ब्लेड रनर'ची गोष्ट नोव्हेंबर २०१९ मध्ये घडते. तो महिना आपण जगलो. त्यात उडत्या गाड्या आहेत, माणसासारखी यंत्रं आहेत, आणि नायक फोन करतो तो भिंतीवरच्या सार्वजनिक व्हिडिओ फोनवरून. खिशात फोन नाही! अंदाज साफ चुकला. तरी मी तो दरवर्षी बघते. कारण यंत्रमाणसाला ठाऊक आहे की आपल्याला फक्त चार वर्षं दिलीत, आणि तो बनवणाऱ्याच्या दारात जाऊन म्हणतो, मला आणखी जगायचंय. फोन चुकला तरी ते मागणं जुनं होत नाही. म्हणजे भाकीत बरोबर येणं हा निकष नव्हेच.

मी सर्व्हर सांभाळते. आठवड्यातून काही रात्री उशाशी फोन ठेवून झोपावं लागतं, बिघाड झाला की तीनला उठायचं. त्यामुळे पासबुकताई, तुमच्या आजी वाचून मला बरं वाटलं नाही. माझ्या बाजूला तो दीड दिवस लाल रेघेचा आलेख म्हणून दिसतो, त्यात कुणी पायरीवर बसलेलं दिसत नाही. बिघाड दाखवायचा तर तो कुणाच्या अंगावर पडतो ते दाखवा, इतकंच माझं म्हणणं.

आणि भाषा! मराठी विज्ञानकथा मी ढीगभर वाचल्यात, त्यातली माणसं पाठ्यपुस्तकासारखी बोलतात. "हे संदेशवहन यंत्र कार्यान्वित कर." असं कोण म्हणतं? आपण म्हणतो रेंज गेली, हँग झाला, मोबाईलचा डबा झालाय. खिशातल्या फोनची कल्पना एखाद्या लेखकाने पन्नास वर्षं आधी केलीही असेल, पण मिस कॉल कुणाला सुचला असता? लातूरची माझी मावशी एक रिंग देऊन ठेवायची, म्हणजे सुखरूप पोचले. दोन रिंगा म्हणजे खाली ये, रिक्षात सामान आहे. एका पैशाचा खर्च नाही. ही युक्ती कुठल्या इंजिनिअरने केली नाही, ती पैसे मोजून वापरणाऱ्या माणसांनी केली. २०८० च्या सांगलीत तुमच्या यंत्रांना लोक काय नावं ठेवतील आणि त्यांचा काय भलताच उपयोग करतील, ते सापडलं की त्या घरांत माणसं राहायला येतील.

---

फळीवरची धूळ (पुणे)

चाळीस वर्षं ग्रंथालयात गेली. सगळ्यांचे मुद्दे वाचले, पटलेही, पण एक गोष्ट राहून जातेय.

आधी एक आठवण, कारण ती आपल्या घरातली आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. मग कळलं की हे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली. आपल्या नावाचं दडपण परीक्षकांवर नको म्हणून टोपणनाव, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. खगोलशास्त्रात जगभर नाव झालेला माणूस, पण कथा म्हणून ती उभी राहते का हे त्यांना नावाशिवाय तपासून बघायचं होतं. गेल्या वर्षी, २० मे २०२५ ला ते गेले, तेव्हा मी ग्रंथालयातली त्यांची जुनी पुस्तकं शोधायला गेलो. बहुतेकांची पाठ फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. इतकी वाचली गेली होती.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' भविष्याची नव्हे, पण आपल्या प्रश्नाला तिच्याइतकं चांगलं उत्तर मला ठाऊक नाही. त्यात बदल किती आहे? एक गोळी. पानिपतावर ती विश्वासरावांना न लागता कानाजवळून निघून जाते. बास. मग लेखक त्या गोळीच्या मागे मागे चालत राहतो. मराठे जिंकतात, पुढची घडी बदलते, इंग्रजांना मुंबईपुरतं राहावं लागतं, आणि आपले इतिहासाचे प्राध्यापक त्या दुसऱ्या मुंबईत जाऊन ग्रंथालयात बखर उघडून बसतात, आपलं जग कुठे वळलं ते शोधायला. सगळ्यात सुरेख जागा आझाद मैदानावरची. व्याख्यान चालू आहे आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी. आपल्या गंगाधरपंतांना रिकामी खुर्ची सहन होत नाही, ते जाऊन बसतात, आणि लोक खवळतात, कारण त्या जगाने अध्यक्षीय भाषणांना कधीच रजा दिलेली आहे. हजार सभा पाहिलेल्या मराठी माणसालाच ही जागा सुचेल. विज्ञानाचं स्पष्टीकरण शेवटी येतं, तोवर आपण त्या जगात राहून आलेलो असतो.

तर माझं म्हणणं: बदल एकच करा, पण त्याचा पाठलाग सोडू नका. तुमच्या गोष्टीत तारदादा, ड्रोन आहेत, बोलणारी यंत्रं आहेत, काचेचं छत आहे, भिंत आहे. चार बदल, आणि एकाचाही पाठलाग नाही. बाकीचे काढून टाका. फक्त भिंत ठेवा. आणि मला सांगा, सांगलीच्या बाजूला भिंत वर आली, तर ते पाणी गेलं कुठे?

आयर्विन पुलाच्या पलीकडे सांगलवाडी आहे ना?

दुरुस्तीबद्दल: तुम्हाला सुचलेली गोष्ट एका इंग्रज लेखकाने १९०९ मध्ये लिहून ठेवली आहे. ई. एम. फॉर्स्टर, 'द मशीन स्टॉप्स'. माणसं जमिनीखाली एकेकट्या खोल्यांत राहतात, पडद्यावर एकमेकांना बघतात, घरबसल्या व्याख्यानं देतात. सगळं यंत्र करतं, आणि यंत्र बिघडलं तर दुरुस्त करणारं दुसरं यंत्र आहे. मग एक दिवस संगीतात मध्येच उसासे ऐकू येतात. तक्रारी होतात, समितीकडे जातात. थोड्या दिवसांनी त्या उसाशांची सवय होते, ते संगीताचाच भाग वाटायला लागतात. आंघोळीच्या पाण्याला वास येतो, त्याचीही सवय होते. आणि मग जाहीर होतं की दुरुस्त करणारं यंत्रच दुरुस्तीला आलं आहे. ते जग धडामकन पडत नाही, आधी लोक तडजोड करत राहतात. मला भीती वाटली ती तिथे.

---

तांब्याची तार

सांगलवाडी वाचलं आणि दुकान लवकर बंद केलं.

माझी थोरली बहीण सांगलवाडीत दिलेली आहे. २०१९ ला तिचं सगळं कुटुंब आठ दिवस दुसऱ्याच्या गच्चीवर होतं. आणि मी बावीस पानं लिहिली, भिंत बांधून सांगली वाचवली, पण पाणी पलीकडे ढकललं जाईल हे माझ्या मनात आलं नाही. माणूस आपल्या काठावरूनच गोष्ट लिहितो की काय?

शास्त्रज्ञ काढला. काचेचं छत काढलं, ड्रोन काढले. पासबुकताई, बिलाचं ठरवलं: भिंतपट्टी, घरपट्टीबरोबर येते, आणि सांगलवाडीला माफ आहे. माफ असणं हाच त्यांचा राग. ऑनकॉलताई, भिंतीला लोक "म्हातारी" म्हणतात. म्हातारी उठली, म्हातारी बसली. उन्हाळ्यात तिच्या कठड्यावर बायका सांडगे वाळत घालतात, कारण त्या लोखंडाला दुपारी चांगला चटका असतो.

आणि आता ही गोष्ट तिच्या मोटारी सांभाळणाऱ्या वायरमनची आहे. तो सांगलीत नोकरीला आहे आणि राहतो सांगलवाडीत. सुरुवात अशी केलीय, कशी वाटते सांगा:

"सतरा नंबरची मोटार उठेना. बाकीच्या सोळा उठल्या होत्या, म्हातारी सोळा ठिकाणी कमरेइतकी वर आली होती आणि सतराव्या जागी दार उघडं राहिल्यासारखी फट होती. त्याने खड्ड्यात उतरून झाकणाला हात लावला. झाकण गरम होतं. विजेच्या तीन फेजपैकी एक गेलेला होता आणि मोटार जागच्या जागी घुमत होती. वरून साहेब ओरडले, किती वेळ? तो म्हणाला, वीस मिनिटं. लागणार पाच होती. पण खिशातला फोन दोनदा वाजून बंद झाला होता, आणि दोन रिंगांचा अर्थ त्याच्या घरी ठरलेला होता."

---

पासबुक

दादा, अंगावर काटा आला. दोन रिंगा म्हणजे काय?

---

तांब्याची तार

पाणी उंबऱ्याला लागलं.

---

ऑनकॉल

साहेब, तुम्ही त्या "लागणार पाच होती" ला हात लावू नका. तसंच ठेवा.

---

फळीवरची धूळ

फट बुजली नाही तर सांगलीच्या गावभागात पाणी शिरणार, बुजली तर त्याच्या स्वतःच्या घरात. आता सुटका नाही त्याची. तुमचीही नाही. घाईने शेवट करू नका, आणि तो साहेब दुष्ट करू नका. त्याचीही म्हातारी आई गावभागात असू द्या.

---

बूममन

एक मागणं आहे. एक फेज गेल्यावर मोटार न फिरता जी घुमते, तो आवाज मी कधी जवळून ऐकलेला नाही. तुम्ही लिहिलंय तसं कुणी चित्रित केलं तर तो आवाज खराच लागेल. रेकॉर्ड करून पाठवता येईल का? फोनवर केला तरी चालेल, फक्त पंखा बंद ठेवा.

---

तांब्याची तार

उद्या सकाळी पिठाच्या गिरणीची पाच हॉर्सपॉवरची मोटार चाचणीला येणार आहे. मुद्दाम एक फ्यूज काढून ठेवतो. दहा सेकंदांच्या वर चालवता येणार नाही, तिचं वायंडिंग तापेल. पण तेवढ्यात येईल. आधी थरथरते, मग आवाज जाड होत जातो.